माघारीचा धर्म

एखाद्या वस्तूचें रक्षण करणें म्हणजे ती आहे तेथें आणि आहे तशीच ठेवणें, ही समजूत मनुष्याच्या मनांत फार खोल रुजलेली आहे. जो जागा सोडीत नाहीं तो धैर्यवान् आणि जो मागें सरतो तो भित्रा, असा निवाडा आपण फारसा विचार न करतां देऊन टाकतों. हा निवाडा सर्वत्र खरा ठरतो काय, हें पाहण्यास समुद्रकिनाऱ्याइतकी चांगली कसोटी आम्हांस दुसरी दिसत नाहीं.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं उत्तर कॅरोलिना हें एक संस्थान. त्याच्या किनाऱ्यासमोर ‘आउटर बँक्स’ या नांवाची, वाळूच्या चिंचोळ्या बेटांची सुमारें ३०० किलोमीटर लांबीची माळ पसरलेली आहे. एका अंगास अटलांटिक महासागर, दुसऱ्या अंगास उथळ व शांत खाडी, आणि मध्यें केवळ वाळूचा पट्टा. कित्येक ठिकाणीं त्याची रुंदी अर्धा किलोमीटरहि भरत नाहीं. सुमारें २०,००० वर्षांपूर्वीं, शेवटच्या हिमयुगाच्या भरांत, समुद्राची पातळी आजच्यापेक्षां जवळजवळ १२० मीटर खालीं होती. पुढें बर्फ वितळलें, पाणी चढूं लागलें, आणि चढत्या पाण्याबरोबर वाळूचे असे पट्टे मुख्य भूमीकडे सरकत आले. ज्यांनीं माघार घेतली ते टिकले. ज्यांस ती घेतां आली नाहीं ते बुडाले.

हें सरकणें घडतें तें वादळांमुळें. मोठ्या वादळांत लाटा बेटाच्या माथ्यावरून पलीकडे जातात आणि समुद्राकडची वाळू उचलून खाडीच्या बाजूस पसरतात. त्या नव्या वाळूवर गवत रुजतें, खाजण तयार होतें, आणि जेवढें बेट पुढून झिजलें तेवढें तें मागून वाढतें. भूशास्त्रज्ञ धातूच्या लांब नळ्या वाळूंत उभ्या उतरवून खालचे थर बाहेर काढतात. तेव्हां समुद्राकडील पुळणीच्या पोटांत त्यांस खाजणांतल्या कुजलेल्या गवताचा काळा थर सांपडतो. खाडीच्या शांत पाण्यांत वाढणाऱ्या कालवांचे जुने शिंपले तर महासागराच्या लाटा पुळणीवर आणून टाकतात. आज जेथें लाट फुटते तेथें पूर्वीं खाडी होती, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? आपण ज्यास बेटाचा नाश म्हणतों, तो पुष्कळदां त्याच्या जगण्याचाच व्यापार असतो.

मनुष्यानें मात्र या व्यापारांत हात घातला. १९३० नंतरच्या दशकांत, बेकारीच्या काळीं, सरकारनें हजारों हातांस काम देऊन या किनाऱ्यावर वाळूच्या उंच टेकड्यांची रांग उभारली व तीवर गवत लाविलें. हेतु स्तुत्य होता. परंतु १९७० नंतरच्या दशकांत रॉबर्ट डोलन व पॉल गॉडफ्री यांनीं ह्या बेटांची तुलना शेजारच्या, जवळजवळ अस्पृष्ट राहिलेल्या कोर बँक्सशीं केली, तेव्हां निराळेंच चित्र दिसलें. टेकड्यांनीं लाटा अडविल्या, तशी मागें जाणारी वाळूहि अडविली. समुद्राकडून झीज चालूच राहिली आणि खाडीकडची वाढ मात्र खुंटली. ज्या भिंतीनें बेट राखावयाचें, तिनेंच तें अरुंद केलें.

याच बेटांवरील केप हॅटरास येथें १८७० मध्यें विटांचा, सुमारें २०० फूट उंचीचा एक दीपस्तंभ बांधला गेला. त्या वेळीं समुद्र तेथून सुमारें १,५०० फूट दूर होता. शतकाच्या आंतच लाटा त्याच्या पायथ्याजवळ आल्या. बांध घातले, वाळूच्या गोण्या रचल्या, वाळूची भर घातली. शेवटीं १९८८ मध्यें अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनें स्तंभच हलवावा असा अभिप्राय दिला. ऑरिन पिल्की यांच्यासारखे भूशास्त्रज्ञ हेंच सांगत आले होते. विरोधहि तीव्र झाला. स्तंभ वाटेंत कोसळेल अशी भीति होती. आणि मुळांत, जागा सोडलेला स्तंभ तोच स्तंभ राहील काय, अशी शंकाहि होती. तथापि १९९९ च्या उन्हाळ्यांत सुमारें ४,८०० टनांचा तो स्तंभ रुळांवरून २,९०० फूट आंत नेण्यांत आला आणि त्याच वर्षीं पुन्हां उजळला. खलाशांस वाट दाखविणें हें त्याचें काम. विवक्षित वाळूवर उभें राहणें हें नव्हे. कामासाठीं जागा सोडली तर तत्त्व सुटत नाहीं. महाराष्ट्रीय वाचकास हें नवें वाटूं नये. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत शिवाजी महाराजांनीं २३ किल्ले मोगलांस दिले, आणि १६७० पासून ते परत घेण्यास आरंभ केला. त्या तहास भ्याडपणा म्हणण्यास कोण धजेल?

यावर कोणी गॅल्व्हेस्टनचें उदाहरण देईल, आणि तें डावलणें योग्य होणार नाहीं. टेक्सास संस्थानांतील या बेटावरील शहरांत १९०० सालच्या वादळानें निदान ६,००० माणसें मेलीं. १९०४ पर्यंत तेथें १७ फूट उंचीची भिंत उभी राहिली, आणि १९१५ च्या मोठ्या वादळांत ते शहर वांचलें. भिंत ही सदैव चूकच, असें म्हणणारा या मृतांपुढें उभा राहूं शकणार नाहीं. परंतु भिंतीपुढची विस्तीर्ण पुळण पुढें नाहींशी झाली, हेंहि तितकेंच खरें. समुद्र पुढें येत असतां भिंत हलत नाहीं, म्हणून मधली वाळू दोहोंच्या मध्यें चिरडते. भिंत आपल्या मागची मालमत्ता राखते. पुढची पुळण, जी सर्वांची, ती गमावते. एका शहराच्या हजारों जीवांसाठीं हा व्यवहार समर्थनीय ठरेल. चार धनिकांच्या सागरदर्शनी वाड्यांसाठीं ठरणार नाहीं. हाच विचार करून उत्तर कॅरोलिना संस्थानानें १९८५ मध्यें महासागराच्या किनाऱ्यावर नव्या कायम भिंती घालण्यास मनाई केली.

तथापि माघारीचा उपदेश करणाऱ्यानें एका प्रश्नाचें उत्तर दिलेंच पाहिजे: मागें सरावयाचें तें कोणाच्या खर्चानें? दीपस्तंभास जनतेच्या तिजोरींतून मागें नेलें, कारण तो साऱ्या राष्ट्राचा लाडका होता. त्याच बेटावरील रोडॅन्थे गांवीं २०२० पासून अनेक घरें लाटांत कोसळलीं; त्यांस रूळ कोणी घातले नाहींत. आपल्या कोंकणचा किनारा बहुतांशी खडकाळ, त्यामुळें तेथें अशा बेटांची माळ नाहीं. परंतु मालवणजवळचें देवबाग कर्ली नदी आणि समुद्र यांमधील वाळूच्या अरुंद दांड्यावर वसलेलें आहे. तेथील माणूस धूप थांबविण्यासाठीं दगडी बंधारा मागतो तेव्हां तो हट्टी नसतो. होडी ज्या पुळणीवर ओढावयाची, नारळीचीं झाडें जेथें आजोबांनीं लाविलीं, ती सोडून त्यानें कोठें जावें, हें त्यास कोणीं सांगितलेलें नसतें. त्याला वाळूचें शास्त्र शिकविणें सोपें. आपली चार गुंठे जमीन त्याच्यासाठीं मोकळी करणें कठीण.

म्हणून आमचें मत असें आहे कीं माघार हा जसा धर्म होऊं शकतो, तसाच त्या माघारीचा भार वांटून घेणें हाहि धर्म आहे, आणि दुसरा न पाळतां पहिला सांगण्याचा अधिकार कोणासहि पोंचत नाहीं. स्थैर्य आणि हट्ट यांतील भेद समुद्र स्पष्ट दाखवितो. जो काय राखावयाचें हें ओळखून जागा बदलतो तो स्थिर, आणि जो केवळ जागा राखतो व जें राखावयाचें तेंच गमावतो तो हट्टी. पण हा भेद सुरक्षित उंचवट्यावर बसून खालच्या माणसास सांगावयाचा असेल, तर आधीं त्या उंचवट्यावर त्याच्यासाठीं जागा करावी. पाणी आतांहि चढत आहे, आणि ही जागा करण्यास वादळाची वाट पाहावी लागूं नये.