पहिली प्रीती, पहिली कृत्ये

शास्त्रपाठ : प्रकटीकरण 2:1-7



भोपाळ शहरात पिपलानीच्या जवळ सोनागिरी नावाची वस्ती आहे. 1956 साली भोपाळात हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली आणि त्या कारखान्याच्या निमित्ताने देशाच्या सर्व भागांतून माणसे इकडे आली. पुढच्या काळात काही मराठी ख्रिस्ती कुटुंबेही आली. एक ट्रंक, चार भांडी, एक शास्त्र आणि नवा संसार एवढेच त्यांच्यापाशी होते. आता ती मंडळी निवृत्त झाली आहेत. मुले कोणी पुण्याला, कोणी परदेशी. घरात उरली आहेत दोघेच.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका घरी मी प्रार्थनेसाठी गेलो होतो. गृहस्थ बाहेरच्या खोलीत टीव्हीपुढे बसले होते. बाई आतल्या खोलीत मोबाईलवर गीते ऐकत होत्या. चहा झाला, प्रार्थना झाली. निघताना गृहस्थ म्हणाले, "पास्टरसाहेब, पंचेचाळीस वर्षे झाली लग्नाला. आमच्यात भांडण म्हणून नाही. पण बोलायलाही काही उरले नाही. यालाच प्रीती म्हणायचे का?" दारात उभ्या असलेल्या बाई हळूच म्हणाल्या, "भांडण असते तर बरे होते. निदान तोंड तरी माझ्याकडे असते."

मला उत्तर सुचले नाही. घरी येऊन मी ही हकीकत पत्नीला सांगितली. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "हेच मी सांगितले असते, तर तुम्ही ऐकले असते का?" बंधुभगिनींनो, त्या रात्री मला झोप आली नाही. मंडळीतल्या प्रत्येकाचे गाऱ्हाणे ऐकणारा मी. माझ्याच घरातले एक माणूस किती वर्षांपासून माझ्याशी बोलू पाहत होते, हे मला ठाऊक नव्हते. म्हणून आजचा हा संदेश प्रथम मला आहे, नंतर तुम्हांला.

इफिस येथील मंडळीकडे पाहा. तिचे श्रम प्रभूला ठाऊक आहेत, तिचा धीर ठाऊक आहे. ती खोट्या शिक्षकांना फसली नाही, थकली नाही. बाहेरून पाहणाऱ्याला तिच्यात दोष दिसला नसता. तरी प्रभू म्हणतो की, तिने आपली पहिली प्रीती टाकली आहे. किती तरी संसार असेच असतात! पगार वेळेवर घरी येतो, डबा वेळेवर भरला जातो, उपासनेला दोघे एकाच बाकावर बसतात. सारे काही आहे. ती एक गोष्ट मात्र नाही. प्रभू अशा मंडळीला तीन गोष्टी सांगतो : आठव, पश्चात्ताप कर, आणि पहिली कृत्ये कर.

पहिली गोष्ट, आठवण. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टर्नबर्ग यांनी 1986 साली असे मांडले की, पतिपत्नीच्या प्रेमात तीन धागे असतात : ओढ, जवळीक आणि बांधिलकी. ओढ लवकर पेटते आणि पुढे मंदावते. जवळीक व बांधिलकी सावकाश वाढतात. पण जोपासली तरच वाढतात. पुष्कळांची चूक अशी होते की, ओढ मंदावली म्हणजे प्रेमच मेले असे ते समजतात. पवित्र शास्त्र याविषयी भाबडे नाही. राहेलीसाठी सात वर्षे चाकरी करताना याकोबाला ती थोड्या दिवसांसारखी वाटली, असे उत्पत्तीच्या एकोणतिसाव्या अध्यायात आपण वाचतो आणि तेथेच थांबतो. पुढचाच अध्याय उघडा. मूल होत नाही म्हणून राहेल आक्रोश करते, आणि तोच याकोब तिच्यावर संतापतो. तिला त्या वेळी उत्तर नको होते, जवळ बसणारा माणूस हवा होता. ओढ सात वर्षे टिकली. समजूत एका दुःखात अपुरी पडली. म्हणून आठवायचे ते केवळ लग्नाच्या दिवसाचे फोटो नव्हेत. आपण कोठून पडलो, ती जागा आठवायची.

दुसरी गोष्ट, पश्चात्ताप. जॉन गॉटमन या संशोधकाने अनेक वर्षे जोडप्यांचे बोलणेचालणे बारकाईने पाहिले. संसार पोखरणाऱ्या चार सवयी त्याने दाखविल्या : माणसाच्या स्वभावावरच बोट ठेवणारी टीका, तुच्छता, सतत स्वतःची सफाई, आणि अबोला. यांत तुच्छता सर्वांत घातक. "तुला काय कळते?" हे तीन शब्द किती घरांत मुलांदेखत बोलले जातात! आपण चोरी केली नाही, व्यभिचार केला नाही, म्हणून पश्चात्तापाचे कारण नाही असे मानतो. पण प्रभूने डोंगरावरील प्रवचनात भावाला मूर्ख म्हणण्याचाही हिशेब मागितला आहे. बायको किंवा नवरा त्यातून वगळलेला नाही.

येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. प्रीती सर्व काही सोसते, हे वचन मार खाणाऱ्या बहिणीला ऐकवून तिला गप्प बसविणे हे पाप आहे. मारहाण सोसणे म्हणजे प्रीती नव्हे. अशा घरात मंडळीने त्या बहिणीच्या बाजूने उभे राहिले पाहिजे.

तिसरी गोष्ट, पहिली कृत्ये. लक्षात घ्या, प्रभू असे म्हणत नाही की पहिल्यासारखे वाटू दे. वाटणे आपल्या हाती नसते. करणे हाती असते. गॉटमनने नवविवाहित जोडप्यांचे दिवसभराचे वागणे पाहिले. एकाने खिडकीतून पाहून म्हणावे, "पाऊस येणार वाटते," आणि दुसऱ्याने मान वर करावी, एवढीच गोष्ट. सहा वर्षांनी पाहिले, तेव्हा ज्यांचे संसार टिकले होते त्यांनी अशा हाकेला शंभरात सुमारे 86 वेळा प्रतिसाद दिला होता. ज्यांचे मोडले त्यांनी सुमारे 33 वेळा. म्हणजे संसाराचा निकाल मोठ्या भांडणात लागतो असे नाही. तो पावसाविषयीच्या एका वाक्यात लागत असतो.

आपल्याच मंडळीच्या इतिहासात एक संसार आहे. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचे लग्न 1880 साली झाले. टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पुढची काही वर्षे दोघे वेगळी राहिली. टिळक उतावळे, तापट, हातात पैसा न टिकणारे. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये हे काही लपवून ठेवलेले नाही. पण ताटातुटीतही पत्रे जात राहिली. पुन्हा एकत्र आल्यावर लक्ष्मीबाईंनी सोवळेओवळे सांभाळले, तरी टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने. ज्या बाईला शाळा ठाऊक नव्हती, तिला नवऱ्याने अक्षर दिले. आणि 1919 साली नवरा गेल्यावर त्याचे अपुरे 'ख्रिस्तायन' तिने पुढे नेले. या दोघांचे स्वभाव अखेरपर्यंत जुळले नसतील. एकमेकांकडे तोंड मात्र राहिले.

संडे स्कूलच्या शिक्षकांना एक शब्द. प्रीतीचा अध्याय आपण मुलांकडून पाठ करून घेतो. पण तो अध्याय त्यांनी घरी पाहिलेला असतो किंवा नसतो. पुढच्या रविवारी त्यांना विचारा : आईबाबा एकमेकांना 'थँक यू' केव्हा म्हणतात? उत्तरे ऐका, आणि ती घरोघर सांगत फिरू नका. स्वतःच्या घरी जाऊन विचार करा.

मी काय केले, हे विचाराल. फार काही नाही. संध्याकाळी तांदूळ निवडायला मी ताटाच्या दुसऱ्या बाजूला बसतो. प्रथम आम्हां दोघांनाही अवघड वाटले. तिने विचारले, "आज काय काम काढले आहे?" मी म्हटले, "काही नाही. तू बोल." ती बरीच बोलली. काही गोष्टी मला बोचल्या, आणि त्या खऱ्या होत्या.

गेल्या महिन्यात सोनागिरीतल्या त्या घरी पुन्हा गेलो. टीव्ही चालूच होता. परंतु त्याच्यापुढे खुर्च्या दोन होत्या.

प्रार्थना : हे प्रभू, तू आमचे श्रम जाणतोस आणि आमचे मौनही जाणतोस. ज्या माणसाला तू आमच्या सोबतीला दिलेस, त्याची हाक ऐकण्यास आमचे कान उघड. पहिल्या प्रीतीची पहिली कृत्ये आजच आमच्या हातून घडू दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.