पायरी कोणाची?

हल्ली खेडोपाडी दारातला जुना दगड जाऊन तेथे काँक्रीटची पायरी येते. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी. वर सिमेंट भुरभुरवून गवंडी ती आरशासारखी घोटतो. घरधनी खूश! पण आम्ही विचारतो, ही पायरी डोळ्यांसाठी की पायांसाठी?

कोणी म्हणेल, घर आमचे, पैसा आमचा. तुमचे काय गेले? बरोबर. माजघर तुमचे, देवघर तुमचे. पण पायरीवर पहिला हक्क येणाऱ्याचा. आषाढसरीत एखादी अनवाणी म्हातारी तिच्यावरून घसरली, तर त्या चकाकीला काय चाटायचे?

पंढरीत महाद्वारी नामदेवरायांची पायरी आहे. संतांचे चरण लागावेत म्हणून त्यांनी ती जागा मागितली, असे परंपरा सांगते. समोरच चोखोबांची समाधी. पण त्यांच्या लोकांना राउळात पाऊल टाकायला १९४७ साल उजाडावे लागले, साने गुरुजींना उपोषण करावे लागले. पायरी बांधून भागत नाही, बाबांनो; पाय ठेवू द्यावा लागतो.

तेव्हा सफाई असावी ती खडा बोचू नये एवढीच. ओलेपणीच वरून खराटा आडवा ओढावा, पाणी बाहेर जाईल असा थोडा उतार द्यावा, कड बोथट करावी. मग ओले गोणपाट घालून निदान सात दिवस धीर धरावा. पायरीने मान घ्यायचा नसतो, भार घ्यायचा असतो; आणि घरधन्यानेही तिच्याकडून तेवढेच शिकावे.