उभ्या गाडीचा तंटा

बंगळूरहून आलेल्या एका मराठी अभियंत्याची पांढरी मोटार तंजावूर राजवाड्यासमोरच्या मोकळ्या जागेत उभी होती. बाहुल्यांची एक हातगाडी उतारावरून घरंगळत आली आणि मोटारीच्या दारावर आदळली. घडलं ते एवढंच. त्यावरचा वाद मात्र दीड तास चालला.

अभियंता, त्याची बायको आणि आठ वर्षांची मुलगी सकाळी मोठ्या देवळात जाऊन आली होती. तिथल्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास १८०३ साली मराठीत कोरलेला आहे. तो वाचायला जमला नाही तरी त्यावरून बोट फिरवून झालं होतं. मग राजवाडा, सरस्वती महाल ग्रंथालय, हात जोडून उभे असलेले संगमरवरी सरफोजीराजे. एवढा वारसा पाहून ऊर भरून बाहेर यावं, तर मोटारीच्या दाराला परातीएवढा पोचा आणि चाकांपाशी रंगीत लगद्याचा सडा. तंजावूरच्या मान डोलावणाऱ्या बाहुल्या होत्या त्या. बुडाशी जड असलेले राजा-राणीही होते. त्यांना कितीही ढकला, ते पुन्हा सरळ उभे राहतात. पण हातगाडीवरून दगडी फरशीवर पडल्यावर तेही फुटले होते.

"मी काहीच केलं नाही, माझी गाडी तर उभी होती," अभियंता म्हणाला. बाहुलीवाली अक्का तमिळमध्ये म्हणाली, मी काहीच केलं नाही, मी तर चहाच्या टपरीवर होते. पार्किंगची पावती फाडणारा दोघांपेक्षाही वरच्या पट्टीत म्हणाला, मी काहीच केलं नाही, मी तर माझ्या टेबलापाशी होतो. तिघांचं वाक्य एकच होतं, पण भाषा दोन असल्यामुळे ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

अभियंत्याने फोनवर विमा कंपनी गाठली. तिथून जे कळलं त्याने त्याचं डोकं जास्तच तापलं. १९८८च्या मोटार वाहन कायद्याने त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे तो मोटारींना; हातगाडीला कसला विमा? म्हणजे समोरून काही येणार नाही. स्वतःच्या विम्यातून दुरुस्ती होईल, पण पहिले हजार रुपये खिशातून, आणि पाच वर्षं दावा न केल्यामुळे हप्त्यात मिळणारी निम्मी सूट जाणार ती वेगळीच. त्याच कायद्याचं १२२वं कलम मात्र त्याला कोणी वाचून दाखवलं नाही. सार्वजनिक जागी दुसऱ्याला अडथळा होईल असं वाहन सोडून जाऊ नये, असं त्यात म्हटलं आहे. नुकसान झालेला माणूस कायदा वाचतो तेव्हा आपल्या बाजूचं पान तेवढं उघडतो.

गर्दी जमली. पावतीवाल्याने हात उंचावून मनुनीदी चोळाची आठवण काढली. ही गोष्ट तमिळ मुलखात पोराटोरांना पाठ असते. तिरुवारूरच्या राजपुत्राच्या रथाखाली वासरू सापडलं, गाईने राजवाड्यासमोरची घंटा वाजवली, आणि राजाने स्वतःच्या मुलाला रथाखाली घातलं. मद्रास उच्च न्यायालयाच्या आवारात त्या राजाचा पुतळा आहे. तो राजा आज इथे असता तर गाडीवाल्यालाच धरला असता, असं पावतीवाल्याचं म्हणणं.

"तो रथ चालत होता," गर्दीतून कोणीतरी मराठीत म्हणालं. "येथे रथ उभा, आणि वासरूच धावून आलं."

बोलणारे सत्तरीच्या पुढचे गृहस्थ होते. जवळच्याच गल्लीत राहत आणि सकाळभर राजवाड्याच्या कट्ट्यावर पेपर घेऊन बसत. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी, दाराबाहेर तमिळ. इथले लोक अशा मराठी घरांतल्या माणसांना रायर म्हणतात. त्यांच्या मराठीत जुनी वळणं होती आणि सूर तमिळ होता, पण अभियंत्याला ती ऐकून माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. "मामा, तुम्हीच सांगा आता ह्या बाईला," तो म्हणाला. त्याच क्षणी अक्काही म्हणाली, "रायरे, तुम्हीच सांगा ह्या सारला."

"सांगतो," रायरमामा म्हणाले, "पण अट आहे. ज्याने त्याने स्वतः काय केलं तेवढंच बोलायचं. दुसऱ्याने काय केलं ते मी ह्या भाषेतून त्या भाषेत नेणार नाही."

ही अट ऐकायला सोपी वाटते. अभियंत्याने सुरुवात केली, "हिने हातगाडी…" मामा गप्प. "ह्या लोकांना काही शिस्त…" मामा आभाळाकडे बघत राहिले. शेवटी तो म्हणाला, "मी गाडी उभी केली." हे मामांनी लगेच तमिळमध्ये सांगितलं आणि विचारलं, "कोठे?"

"तिथे, झाडाच्या सावलीत."

"तेथे आधी काय होतं?"

तो उत्तर द्यायला तयार नव्हता. त्याची मुलगी म्हणाली, "बाबा, तिथे त्या आजींची हातगाडी होती. तुम्ही हॉर्न वाजवला म्हणून त्यांनी वर नेली." मामांनी तिलाही अडवलं. दुसऱ्याचं सांगायचं नाही, बाळ. मग अभियंत्यालाच म्हणावं लागलं, "मी हॉर्न वाजवला. तिची जागा घेतली."

अक्काची पाळी आली. तिनेही आधी मोटारीचं, सावलीचं, बंगळूरच्या लोकांचं बोलून पाहिलं. मामा कट्ट्याकडे परत निघाले तेव्हा तिने तोंड आवरलं. वर उतार आहे हे मला ठाऊक होतं, ती म्हणाली. एकाच चाकाला दगड लावला. दुसरा शोधायचा कंटाळा केला आणि पाठ फिरवून चहा प्यायला गेले.

दगड म्हटल्यावर सगळ्यांनी उतारावर, हातगाडी नेऊन लावली होती त्या जागी पाहिलं. तिथे दगड नव्हता. हातगाडी दगडावरून उसळून आली असती तर तो तिथेच कुठेतरी पडलेला दिसायला हवा होता. आता फक्त पावतीवाला उरला होता. त्याने जागा मीच दाखवली असं कबूल केलं आणि थांबला. "आणखी?" मामांनी विचारलं. पैसे घेतले. "आणखी?" बराच वेळ गेल्यावर तो म्हणाला, टेबलाचा पाय डुगडुगत होता, म्हणून खाली लावायला एक दगड आणला. कुठून आणला हे सांगायची गरज पडली नाही. टेबल तिथेच होतं, आणि दगड त्याच्या पायाखाली.

१७९९च्या तहानंतर सरफोजीराजांच्या हाती किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख एवढंच उरलं, बाकीचं तंजावूर कंपनी सरकारकडे गेलं. राजवाडा किल्ल्यातच, तेव्हा हा तंटा त्या काळी झाला असता तर राजांच्याच अखत्यारीत आला असता. कारकुनाने मोडीत तीन जबान्या लिहून घेतल्या असत्या, तीन साक्षीदार आले असते, आणि प्रत्येक जबानीत दुसऱ्याचा अपराध सविस्तर असता. रायरमामांकडे ना शिक्का ना शिपाई. नाकारायला हाती एकच गोष्ट होती, ती म्हणजे भाषांतर, आणि तेवढ्यावर भागलं.

पैशांचंही तसंच ठरलं. दुसऱ्याने किती द्यावे ते बोलायचं नाही, आपण किती देतो ते सांगायचं. जवळच्या गॅरेजवाल्याने पोचा काढून रंग मारायचे साडेसात हजार सांगितले. पावतीवाल्याने पाचशेपासून सुरुवात केली. कोणी काही बोलेना, तेव्हा स्वतःच हजारावर आला आणि टेबलाकडे पाहून दीड हजारावर थांबला. अक्काने कमरेच्या पिशवीतून हजार काढले. ते पाहून अभियंत्याच्या बायकोने खाली वाकून पहिल्यांदाच बाहुल्या मोजल्या. नऊ फुटल्या होत्या, अडीचशेची एक. इतका वेळ मोटारीच्या पोच्याचे सगळ्या कोनांतून फोटो निघाले होते. बाहुल्यांचा एकही नव्हता. "बाहुल्यांचे सव्वादोन हजार माझे," अभियंता म्हणाला. बायकोकडे न बघता म्हणाला, पण म्हणाला.

"आणि दुरुस्तीचे उरलेले पाच हजार?" त्याने विचारलं.

"त्यांना कोणी धनी नाही," मामा म्हणाले. "तिरुवारूरला शिवाने येऊन वासरू उठवलं, राजपुत्रही उठवला. येथे गॅरेजवाला आहे, तो फुकट उठवत नाही. ज्याचं दार, त्याचं उरलेलं."

अभियंत्याने मनातल्या मनात हिशेब केला. अडीच हजार आले, सव्वादोन हजार गेले. दीड तास घसा फोडून हाती अडीचशे रुपये. त्याला हसू आलं, ते त्याने दाबलं, पण बायकोने पाहिलंच.

हातगाडी सावलीत परत आणायची होती, म्हणून त्याने मोटार मागे घेतली. पावतीवाल्याने टेबलाखालचा दगड काढून आणला, आणखी एक शोधून आणला. मामा पेपर उचलून निघाले. तेव्हा अक्का त्यांना काहीतरी म्हणाली. मामा थांबले, पण त्यांनी ते मराठीत सांगितलं नाही.

"काय म्हणाल्या त्या?" अभियंत्याने विचारलं.

"ती म्हणते," मामा म्हणाले, "की रायरांनी काय केलं ते रायरांनी सांगितलं नाही."

कोणी काही बोललं नाही. मामांनी आधी तमिळमध्ये उत्तर दिलं, मग मराठीत. "मी कट्ट्यावर होतो. ह्या पावतीवाल्याला दगड काढताना मी पाहिलं. वाटलं, परत आणून ठेवील. मग वाटलं, माझी हातगाडी नाही, माझी मोटारही नाही. पेपर वाचत बसलो."

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पाचशेची नोट काढली आणि मोटारीच्या टपावर ठेवली. अभियंत्याने ती परत करायला हात पुढे केला, पण अक्काने मान हलवली, तेव्हा त्याने नोट खिशात घातली.