न दिसण्याची अट

अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, एवढ्यावरून तिथे घडा नाही असे म्हणता येईल का? भारतीय तत्त्वज्ञानात कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसकांनी ‘अनुपलब्धी’, म्हणजे न दिसणे, हे ज्ञानाचे स्वतंत्र साधन (प्रमाण) मानले. वस्तू न दिसण्यावरूनही तिच्या अभावाचे ज्ञान होते. मात्र त्यांनी एक अट घातली: वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. टेक्सास आणि न्यू मेक्सिकोत पसरलेल्या पर्मियन खोऱ्यातील तेलविहिरींपाशी ही अट मला ज्ञानाइतकीच नीतीचीही वाटते.

तेलाबरोबर वर येणारा मिथेन डोळ्यांना दिसत नाही, आणि २० वर्षांच्या हिशेबात तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा पृथ्वीला ८० पटींहून अधिक तापवतो. तरीही त्याची नोंद बरीच वर्षे मुख्यतः यंत्रांची संख्या गुणिले ठरावीक सरासरी अशीच होत आली. हे अनुमान झाले, आणि तेही कच्चे. कारण गळतीचा मोठा वाटा मोजक्याच बिघडलेल्या झडपांतून आणि उघड्या राहिलेल्या टाक्यांतून येतो. नको असलेला वायू जाळणाऱ्या ज्योती ९८ टक्के मिथेन नष्ट करतात, असे गृहीत होते. पर्मियनसह अमेरिकेतील तीन खोऱ्यांवर विमानांतून घेतलेल्या मोजमापांचा निष्कर्ष २०२२ मध्ये आला: प्रत्यक्षात सुमारे ९१ टक्के. म्हणजे न जळता सुटणारा मिथेन गृहीताच्या चौपटीहून जास्त. काही ज्योती तर विझलेल्याच होत्या.

मिथेन मोजणारा उपग्रह क्षणभर पाहतो, वाऱ्याने त्याचा अंदाज चुकतो, बारीक गळती त्याला दिसत नाही, हा आक्षेप खराच आहे. पण तो मोजणीविरुद्ध जात नाही. मीमांसकांची अट उपग्रहालाही लागू आहे, एवढेच तो सांगतो. त्याला न दिसलेली विहीर निर्दोष ठरत नाही, म्हणून जमिनीवरचे आणि विमानातले मोजमापही हवे. मग कंपनीचा शब्द का मानू नये? शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा, आणि आप्त म्हणजे ज्याला वस्तुस्थिती ठाऊक आहे आणि जो ती जशीच्या तशी सांगतो. न मोजणारा खोटे बोलत नसेलही, पण ठाऊकच नसेल तर तो आप्त कसा?

अजाणतेपणी घडले त्याचा दोष नसतो, असेही म्हटले जाईल. गळती दाखवणारे इन्फ्रारेड कॅमेरे उपलब्ध असताना ते न वापरणाऱ्याचे अज्ञान मात्र अजाणतेपण राहत नाही. तो अंधार त्याने राखलेला असतो. छोट्या विहिरींना हा खर्च जड जातो, हे मला अधिक वजनाचे वाटते. तो वाटून घेता येईल, मुदतही देता येईल. तोवर अहवालाच्या रकान्यात ‘अज्ञात’ लिहावे. शून्य लिहायचे तर आधी खोलीत दिवा लावलेला असला पाहिजे.