आधी ऊन, मग टन
वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे सांगायला नको. मे महिन्यात रात्री अकरा वाजता स्टुलावर चढून छताला हात लावला, तर स्लॅब चांगली गरम लागते. दिवसभर प्यायलेलं ऊन ती रात्रभर खोलीत सोडत असते. मग आपण एसीच्या दुकानात जातो. दुकानदार आधी मजला विचारतो. ‘टॉप फ्लोअर? मग दीड टनात नाही भागायचं, दोन टनाचा घ्या.’ त्याचं काही चुकत नाही. घरात आलेली उष्णता तो मोजतो. ती आत येऊ द्यायची की नाही, हे ठरवणं मात्र आपलं काम.

टन म्हणजे तरी काय? एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल, तेवढी उष्णता तेवढ्याच वेळात उपसून बाहेर टाकण्याची ताकद. एसी हा उपसा करणारा पंप आहे. नाव गळत असेल, तर मोठा पंप आणण्याआधी भोक बुजवायचं, एवढं कुणालाही कळतं. उष्णतेच्या बाबतीत ते सुचत नाही, कारण भोक दिसत नाही.

न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगमध्ये मात्र आधी भोकच बुजवलं. ही 102 मजली इमारत 1931 सालची. 2009च्या सुमारास तिचं मोठं नूतनीकरण निघालं, तेव्हा थंडावा देणारे अवाढव्य चिलर बदलून जास्त ताकदीचे आणायचा विचार होता. तो बाजूला ठेवून आधी खिडक्यांना हात घातला. खिडक्या 6,514! त्या फेकून नव्या आणल्या नाहीत. इमारतीतच, पाचव्या मजल्यावर कारखाना मांडला. एकेक दुहेरी काच तिथे आणून सोडवायची, धुवायची, दोन काचांच्या मध्ये पारदर्शक पातळ पडदा ताणायचा, वायू भरायचा, कडा बंद करायच्या आणि खिडकी परत जागेवर. थंडीसाठीच्या रेडिएटरची ऊब मागच्या भिंतीतून बाहेर जात होती. तिथे उष्णतारोधक पत्रे सरकवले. दिवेही कमी विजेचे केले. एवढं झाल्यावर हिशेब मांडला, तर ऐन उन्हाळ्यात लागणारा थंडावा सुमारे एक तृतीयांशाने घटणार होता. मोठ्या चिलरची गरजच उरली नाही. जुन्या चिलरचं बाहेरचं कवच तेच ठेवून आतली यंत्रणा नवी केली.

मला यात सगळ्यात मोलाचा वाटतो तो क्रम. उलट केलं असतं, आधी मोठे चिलर आणि सवडीने खिडक्या, तर खिडक्यांचा खर्च फक्त बिलातल्या बचतीतून वर्षानुवर्षं वसूल करावा लागला असता, आणि मोठे चिलर अर्ध्या कामावर कुढत बसले असते. क्रम सरळ ठेवल्यामुळे चिलरचे वाचलेले पैसे खिडक्यांच्या कामी आले. आणि हा हिशेब जुळतो फक्त एकाच वेळी: जुनं यंत्र मोडकळीला आलेलं असतं आणि नवं अजून घेतलेलं नसतं तेव्हा. एकदा दोन टनाचा एसी भिंतीवर चढला, की पुढची दहा वर्षं गच्चीचा विषय निघत नाही.

घरासाठी लागणारं शहाणपण आपल्याकडे आहेच. विदर्भात वाळ्याच्या ताट्या दाराखिडक्यांना बाहेरून लावतात. ते ‘बाहेरून’ महत्त्वाचं. काचेतून आत आलेलं ऊन आतल्या पडद्यावर पडलं, तर पडदा तापतो आणि ती धग खोलीतच राहते. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक टाकली, तर ऊन काचेपर्यंत पोचतच नाही.

आता गच्ची. सोसायट्यांमध्ये दर काही वर्षांनी, पावसाळ्याच्या तोंडावर, वॉटरप्रूफिंग निघतं. कोबा खरवडतात, भेगा भरतात, केमिकलचे हात मारतात. सभेत दर आणि गॅरंटी यांवर तासभर चर्चा होते. वरच्या शेवटच्या थराचा रंग कुणी विचारत नाही, आणि ठेकेदार नेहमीचा राखाडी लावून मोकळा होतो. मजूर तेच, दिवस तेच, गच्ची तीच. तो शेवटचा हात ऊन परतवणारा पांढरा मारा, एवढंच कोटेशनमध्ये लिहून घ्यायचं.