पाक आणि परिणाम

एखादी वस्तू आपले रूप टाकून दुसरी होते तेव्हा वस्तुतः काय घडते, नवे रूप जुन्यात आधीपासून दडलेले असते की ते अग्नीच्या, काळाच्या आणि कर्त्याच्या संयोगाने प्रथमच अस्तित्वात येते, हा प्रश्न आपल्या दर्शनकारांनी पिढ्यानपिढ्या लावून धरला. आणि त्याच्या निर्णयासाठी जे दाखले त्यांनी रुजू केले ते राजवाड्यातून किंवा यज्ञमंडपातून न आणता कुंभाराच्या आव्यातून, तेल्याच्या घाण्यातून आणि गृहिणीच्या विरजणातून उचलले. माती आणि घट, तीळ आणि तेल, दूध आणि दही या जोड्या ज्या ग्रंथांत पदोपदी भेटतात, त्या ग्रंथांना पुढे आपणच सोवळ्यात गुंडाळून ठेवले आणि स्वयंपाकघर व तत्त्वचिंतन यांच्यामध्ये एक भिंत उभी केली. ही भिंत मूळची नव्हे असे मला मनापासून वाटते. म्हणूनच परमुलखातून आलेल्या एका अगदी साध्या पक्वान्नाच्या आधाराने तो जुना वाद येथे पुन्हा उलगडून पाहण्याचे योजले आहे.

फ्रान्सच्या मध्यभागाकडे लिमूझँ नावाचा चढउतारांचा, गुरांच्या कुरणांचा मुलूख आहे. चिनी मातीच्या भांड्यांसाठी विख्यात असलेले लिमोझ शहर त्याच मुलखातले. उन्हाळ्याच्या आरंभी तेथील झाडांवरच्या काळसर चेरी पिकल्या की जो पदार्थ घरोघर होतो त्याला क्लाफूती म्हणतात. त्याची कृती थोडक्यात सांगता येते. आतून लोणी लावलेल्या पसरट भांड्यात सुमारे अर्धा किलो चेरी एका थरात मांडाव्या; तीन अंडी, १०० ग्रॅम साखर, तितकाच किंवा किंचित कमी मैदा, चिमूटभर मीठ आणि ३०० मिलिलिटर दूध यांचे पातळ, एकजीव मिश्रण करून ते अर्धा तास झाकून ठेवावे, म्हणजे मैद्याचा कण न् कण ओल शोषून फुगतो; मग ते फळांवर ओतून १८० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये सुमारे पाऊण तास भाजावे. कडा फुगून वर येतात, पृष्ठभाग सोनेरी होतो, मध्य मात्र किंचित थरथरता राहतो. बाहेर काढल्यावर आतली वाफ निवते आणि फुगलेला भाग हळूहळू खाली बसतो, व तो तसा बसावा हेच अभिप्रेत असते. कोमट असताना वर पिठीसाखर भुरभुरून तो वाढतात. जुन्या रिवाजात चेरीच्या बिया काढीत नाहीत, कारण एक तर बी काढलेल्या फळाचा रस वाहून मिश्रण पाणचट होण्याचा संभव असतो, आणि दुसरे असे की बीच्या आत अमिग्डॅलिन नामक जे द्रव्य असते त्याच्यापासून कडू बदामासारखा एक सूक्ष्म गंध निर्माण होतो व तो सबंध पदार्थात उतरतो अशी तिकडच्या जाणत्यांची धारणा आहे. आपल्याकडे काश्मीर-हिमाचलातल्या चेरी उन्हाळ्यात मुंबई-पुण्याच्या बाजारांत येतात, तेव्हा कोणालाही हा पदार्थ घरी सहज करून पाहता येईल.

आता भांडे ओव्हनमध्ये सरकवण्यापूर्वीचा क्षण घ्यावा. समोर आहे ते दूध, अंडी, साखर, मैदा यांचे ओतता येण्याजोगे द्रव. तासाभराने हाती येणार आहे तो सुरीने कापता येण्याजोगा घन. हा घन या क्षणी कोठे आहे? सांख्यांचे उत्तर असे की तो येथेच, या द्रवातच, अव्यक्त रूपाने आहे. ईश्वरकृष्णाने आपल्या सांख्यकारिकेत या मताच्या बाजूने पाच हेतू मांडले आहेत: जे मुळात नाहीच ते कोणाच्याही प्रयत्नाने निर्माण होत नाही, विशिष्ट कार्यासाठी विशिष्टच उपादान हाती घ्यावे लागते, कशातूनही काहीही उपजत नाही, समर्थ कारण जे शक्य आहे तेच उत्पन्न करते, आणि कार्य हे कारणाच्याच स्वभावाचे असते. या हेतूंचे बळ पाहायचे तर आपल्या घरच्या खरवसाकडे वळावे. नुकत्याच व्यालेल्या गाईच्या चिकात गूळ आणि वेलदोडा घालून तो वाफवला की अंड्यावाचून, मैद्यावाचून त्याची घट्ट वडी पडते. तेच साधे दूध घेऊन कितीही वाफवले तरी ते आटेल, त्यावर साय धरेल, पण त्याचा खरवस होणार नाही. चिकात उष्णतेने थिजणारी प्रथिने विपुल असतात. साध्या दुधातले मुख्य प्रथिन केवळ उष्णतेने थिजणारे नसते, आणि म्हणूनच क्लाफूतीत अंड्याला पाचारण करावे लागते. जे उपादानात नाही ते अग्नी देऊ शकत नाही, हे सांख्यांचे म्हणणे येथे प्रत्यक्षाच्या पुराव्याने शाबीत होते.

तथापि नैयायिकांची हरकतही तितकीच रोकडी आहे. कार्य जर कारणात आधीच सिद्ध असेल तर ओव्हन कशाला, पाऊण तासाची प्रतीक्षा कशाला आणि करणाऱ्या हातांची तरी गरज काय? सांख्य म्हणतात, हा सारा व्यापार अव्यक्ताला व्यक्त करण्यासाठी आहे. नैयायिक तत्काळ विचारतात की ही अभिव्यक्ती तरी कारणात आधीपासून होती की नव्हती. होती म्हणाल तर कर्त्याचा व्यापार व्यर्थ ठरतो, आणि नव्हती म्हणाल तर पूर्वी नसलेले काहीतरी निर्माण झाले हे तुम्हीच कबूल केले. हा पेच केवळ शब्दांचा नाही. ज्याने कच्च्या मिश्रणाची आणि भाजलेल्या पदार्थाची चव घेतली आहे, त्याला या दोहोंतला भेद केवळ पडदा दूर होण्याचा आहे असे म्हणवणार नाही.

अग्नी वस्तूच्या आत जाऊन काय करतो, यावर तर न्याय आणि वैशेषिक या दोन शेजारी दर्शनांतच मतभेद पडला, आणि तो आपल्या विषयाशी इतका निगडित आहे की त्याचा तपशील दिल्यावाचून पुढे जाता येत नाही. पाकाने उत्पन्न होणारे रूप, रस, गंध, स्पर्श हे पाकज गुण दोघांनाही मान्य आहेत. कच्चा काळा घट आव्यात तांबडा होतो. वैशेषिक म्हणतात, अग्नीच्या आघाताने तो घट परमाणूंपर्यंत विघटित होतो, पाक त्या सुट्या परमाणूंत घडतो, आणि पालटलेल्या परमाणूंचा पुन्हा नवा घट रचला जातो. हे सारे इतक्या त्वरेने होते की डोळ्यांना त्याचा पत्ता लागत नाही. हा पीलुपाक. नैयायिक म्हणतात, आव्याच्या छिद्रातून पाहिले तर घट पूर्ववत उभा दिसतो, त्याच्यावर रचलेले दुसरे घट कोसळत नाहीत, त्याची संख्या आणि आकार कायम राहतात. तेव्हा अग्नी छिद्रांवाटे आत शिरून सबंध घटालाच पक्व करतो. हा पिठरपाक. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहावरील दीपिकेतून कित्येक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी हा वाद अभ्यासला, पण तो पाठशाळेच्या उंबरठ्याबाहेर सहसा आला नाही.

हा वाद अर्थात पृथ्वीद्रव्याच्या संदर्भातला आहे, याचे भान ठेवूनही क्लाफूतीच्या एकाच भांड्यात दोन्ही पक्षांना आपापला साक्षीदार सापडतो असे मला दिसते. चेरी पाहा: तिचा रंग गडद झाला, आंबटपणा मवाळ झाला, साल सुरकुतली, पण ती जेथे ठेवली होती तेथेच, तीच चेरी म्हणून ओळखता येते, तिच्या ठायी पिठरपाकाची बाजू सरस ठरते. भोवतालचे मिश्रण पाहा: जे द्रव ओतले होते ते कोठेही उरलेले नाही, त्याच्या जागी वेगळ्याच घडणीची वस्तू आहे, आणि ती निवली, फोडली किंवा कुस्करली तरी तिच्यातून पुन्हा दूध आणि अंडे वेगळे निघणे नाही, येथे पीलुपाकाची कल्पना अधिक जवळची वाटते. आधुनिक रसायनशास्त्र या घटनेचे वर्णन असे करते की अंड्यातील प्रथिनांच्या गुंडाळलेल्या साखळ्या उष्णतेने उलगडतात, एकमेकींत गुंततात आणि त्यांच्या जाळ्यात पाणी अडकून राहते. साखळ्या त्याच, जाळे मात्र नवे. द्रव्याच्या बाबतीत सांख्यांचे म्हणणे खरे ठरते आणि रचनेच्या बाबतीत नैयायिकांचे. शक्ती आधीपासून होती, सिद्धी नव्हती, आणि या दोहोंमधले अंतर पाकाने भरून काढले.

हे अंतर भरण्यालाही मर्यादा असते. नुसते अंड्याचे पांढरे ६० अंशांच्या थोडे पुढे थिजू लागते. दूध आणि साखर मिसळल्यावर तीच क्रिया ८० अंशांच्या आसपास जाते. त्याच्याही बरेच पुढे गेले तर जाळे आवळत जाऊन आपल्यात धरलेले पाणी सोडून देते आणि पदार्थ फाटतो. मैद्यातील पिष्ट या अतिरेकाला काहीसा आवर घालते, पण आवर घालण्यालाही सीमा आहे. म्हणजे ज्या अग्नीने वस्तू सिद्ध होते त्याच अग्नीच्या आधिक्याने ती बिघडते. तपाच्या बाबतीत गीतेने देह कृश करणाऱ्या अविवेकी कष्टांचा जो निषेध केला आहे, त्याचे मर्म या लहानशा भांड्यापाशी उभे राहिले असता विशेष स्पष्टपणे कळते.

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात दुधाचा दृष्टांत येतो, आणि त्यावर भाष्य करताना शंकराचार्य म्हणतात की दूध स्वतःच्या सामर्थ्याने दही होते, उष्णता केवळ त्याला त्वरा देते. दुधात ते सामर्थ्य नसते तर उष्णतेला ते बळाने आणता आले नसते, कारण वायूचे किंवा आकाशाचे दही कोणतीही उष्णता करू शकत नाही. या युक्तिवादाचा उत्तरार्ध निर्विवाद आहे. पूर्वार्ध मात्र दह्यापुरता ठीक असला तरी भाजल्या जाणाऱ्या पदार्थाला लागू पडत नाही, असे नम्रपणे म्हणावेसे वाटते. अंड्या-दुधाचे मिश्रण तसेच ठेवले तर ते सावकाश का होईना क्लाफूती होत नाही, ते नासते. काही परिणाम असे असतात की ज्यांत काळ पुरेसा नसतो, तेथे अग्नीच लागतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. पाककर्मात ही पाचही इतक्या उघडपणे हजर असतात की कर्ता हा पाचांपैकी एक आहे, सर्वस्व नाही आणि शून्यही नाही, ही गोष्ट तेथे उपदेशावाचून अंगवळणी पडते.

वस्तूंविषयीचा हा विचार माणसाविषयीच्या विचाराकडे नेल्यावाचून राहत नाही. मिलिंदप्रश्नात राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला विचारतो की जो पुन्हा जन्मतो तो तोच असतो की दुसरा. आणि नागसेन दूध, दही, लोणी व तूप यांचा दाखला देऊन सांगतो की तोही नव्हे आणि दुसराही नव्हे, एकाच्या आधारे दुसरे संभवत जाते. पुनर्जन्माचा प्रश्न बाजूस ठेवला तरी एकाच जन्मात दुःखाने, अभ्यासाने, प्रेमाने किंवा उपासनेने पालटलेल्या माणसाला हे उत्तर लागू पडते. तो पूर्वीचा राहिलेला नसतो, आणि पूर्वीच्यावाचून तो असा झालाही नसता.

मात्र येथेच धर्मविचारातील एक कठीण प्रश्न उभा राहतो. मनुष्य साधनेने जर असा पालटत असेल, तर मोक्ष हाही एक पाकच आहे काय? शंकराचार्यांचे उत्तर निःसंदिग्ध आहे. मोक्ष हा उत्पन्न करण्याजोगा नाही, मिळवण्याजोगा नाही, विकाराने घडवण्याजोगा नाही आणि संस्काराने सुधारण्याजोगाही नाही. कारण जे जे घडवले जाते ते ते नाशवंत असते, मग ते दही असो वा घट. क्लाफूती तर दुसऱ्या दिवशीच शिळी होते. जे घडते ते मोडते, हा नियम मान्य केला की आत्म्याला भट्टीत घालण्याची भाषा सोडून द्यावी लागते.

मग कर्माला, तपाला, रोजच्या नेमधर्माला प्रयोजन काय उरते? याचे उत्तर आचार्यांच्याच भाष्यात आहे. कर्मे ही चित्तातील मळ पक्व करण्यासाठी असतात आणि ज्ञान ही परम गती आहे, अशा आशयाचे स्मृतिवचन ते आधाराला घेतात. पाक आत्म्याचा होत नसतो, तो चित्ताचा होतो. आणि चित्त हे सांख्यांनी म्हटल्याप्रमाणे शक्तीने संपन्न, नैयायिकांनी म्हटल्याप्रमाणे असिद्ध आणि लिमूझँच्या गृहिणीला ठाऊक असल्याप्रमाणे माफक आंचेवरच साधणारे असे द्रव्य आहे. ज्याच्या स्वभावात जे नाही ते त्याच्यावर लादू नये. ज्याच्या स्वभावात जे आहे ते आपोआप प्रकटेल अशा आशेवर स्वस्थ बसू नये. आणि प्रकट करण्याच्या भरात आंच अशी वाढवू नये की धरलेले सत्त्वच गळून जावे. मुलांना वाढवणारा, शिष्याला शिकवणारा, स्वतःच्या मनाशी झगडणारा, असा प्रत्येक जण या तीन मर्यादांच्या अंमलाखाली असतो, आणि बहुतेकांची फसगत यांपैकी एखादी ओलांडल्यानेच होते.

म्हणून पाककर्माला अध्यात्माच्या खालची पायरी मानण्याची प्रथा आपण टाकून द्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. परमार्थ त्या कर्माने उत्पन्न होत नाही हे खरे. पण परमार्थ ज्या चित्तात उजळायचा त्या चित्ताला प्रमाण, प्रतीक्षा आणि फलाविषयीची विनम्रता या तिन्ही गोष्टी एकदम शिकवणारी कर्मे संसारात फार थोडी आहेत, आणि ज्या घरात कोणीतरी दुसऱ्यांच्या मुखी पडावे म्हणून मन लावून काही रांधते वा भाजते, त्या घरात ती शिकवण नित्य चालू असते.