नवख्यासमोर भारी पानं

पत्त्यांत समोरच्याला दोन प्रकारे हरवता येतं, खोटं सांगून किंवा खरं सांगून. खोटं सांगण्याला आपण ब्लफ म्हणतो आणि ते योग्य की अयोग्य यावर भरपूर वाद घालतो. खरं सांगून जिंकणाऱ्याला मात्र कुणी काही विचारत नाही. मला तोच प्रश्न जास्त अवघड वाटतो.

ड्रॉ पोकरचं उदाहरण घेऊ. तीन पत्ती खेळला असाल तर हा खेळ लगेच कळेल. प्रत्येकाला 5 पानं, सगळी झाकलेली. एकदा पैसे लावायचे, नको ती पानं टाकून तेवढीच नवी घ्यायची, पुन्हा पैसे लावायचे आणि मग शो. टेबलावर एकही पान उघडं नसतं. समोरच्याबद्दल दोनच गोष्टी दिसतात, त्यानं पैसे किती लावले आणि पानं किती बदलली.

समजा मला वाटपातच तीन राजे आले. तीन सारखी पानं साधारण 47 वाटपांत एकदा येतात. उरलेली दोन्ही पानं बदलली, तर हात आणखी सुधारण्याची शक्यता 10 टक्क्यांच्या थोडी वर असते. एकच बदललं तर 8.5 टक्के. तरीही मुरलेल्या खेळाडूंसमोर मी कधीकधी एकच बदलते. त्यांना वाटावं की माझ्याकडे दोन जोड्या आहेत, किंवा फ्लश पुरा व्हायला एक पान कमी आहे. लपवण्याची एवढी किंमत परवडते.

नवख्यासमोर हा खटाटोप फुकट जातो, कारण तो माझ्याकडे बघतच नाही. स्वतःच्या पानांत बुडालेला असतो. म्हणून जाणकारांचा सल्ला सरळ असतो: नवख्याला ब्लफ करू नका, तो पानं टाकत नाही. भारी पानं आली की बेधडक पैसे वाढवा. हातात अठ्ठ्यांची जोडी असली तरी ‘बघू तरी काय आहे’ म्हणत तो येतोच.

आता मी काय केलं ते बघा. दोन पानं बदलली, खरं सांगितलं. जोरात पैसे लावले, तेही खरंच सांगितलं. माझी प्रत्येक चाल त्याला ‘पानं टाक’ म्हणतेय आणि त्याला ते ऐकू येत नाही. माझी सगळ्यात मोठी कमाई नेमकी त्यातूनच होते.

1968 साली अल्बर्ट कार यांनी ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये धंद्याची तुलना पोकरशी केली होती. पोकरमध्ये फसवणं हा खेळाचाच भाग असतो, म्हणून तिथल्या ब्लफला कुणी अनैतिक म्हणत नाही. धंद्याचंही तसंच आहे, असा त्यांचा युक्तिवाद. पण खेळणाऱ्या सगळ्यांना खेळ कळतो हे त्यात गृहीत आहे. नवख्याला नियम माहीत असतात, टेबलावरची भाषा येत नसते. ब्लफ करताना मी निदान समोरच्याला ती भाषा येते असं तरी मानते.

त्याच्या आदल्या वर्षी, 1967 साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानं रमीला प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ ठरवलं, कारण पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात. कौशल्य म्हटलं की जुगाराचा डाग पुसला जातो. नीतीच्या बाजूनं मला हे उलटं दिसतं. निव्वळ नशिबाच्या खेळात नवखा आणि मुरलेला बरोबरीनं बसतात. कौशल्य जितकं जास्त, तितकं नवख्याचं हरणं ठरलेलं.

युधिष्ठिराला द्यूताची आवड होती, कसब नव्हतं, आणि शकुनीनं ते हेरलं होतं. आपण कपटद्यूत म्हणून शकुनीला दोष देतो. पण तो कपटाशिवाय, फक्त कसबावर जिंकला असता तर आपण त्याला माफ केलं असतं? मला नाही वाटत. पुढे वनपर्वात बृहदश्व ऋषींकडून युधिष्ठिर फाशांची विद्या शिकतो. मग विराटाच्या दरबारी कंक बनून तो खेळतो आणि जिंकलेलं धन गुपचूप भावांना देतो. समोर बसून हरणाऱ्यांचं काय, हे आपण विचारत नाही. नायक आपला असला की कसब पुरेसं वाटतं.

मग मुद्दाम हरायचं का? नाही. त्यात नवख्याला लहान मूल समजणं आलं. शिवाय टेबलावर तिसरा कुणी असेल, तर एकाला सांभाळून घेणं ही त्या तिसऱ्याशी बेइमानी.

‘हरूनच शिकेल की’ असंही म्हणतात. शिकेल, पण फी किती हे शिकवणाऱ्यानं आधी सांगायला हवं, आणि आपण शाळेत बसलोय हे शिकणाऱ्याला कळायला हवं. कर्जाच्या ॲपवर ‘अटी मान्य’ दाबतो तेव्हाही सगळं खरंच लिहिलेलं असतं. व्याजाचा तो मजकूर आपल्याला वाचता येतो का, याची फिकीर लिहिणाऱ्याला नसते.

माझं उत्तर साधं आहे. सुरुवातीचे डाव शेंगदाण्यांवर खेळायचे. शो झाला की सांगायचं, ‘मी दोनच पानं बदलली, तेव्हाच तुला तीन सारख्यांचा संशय यायला हवा होता.’ हे त्याला वाचता यायला लागलं की खुशाल पैशांवर आणि कसून खेळावं.

यात माझा तोटा आहे. पुढच्या वेळी मला तीन राजे येतील, मी पैसे वाढवेन आणि तो अठ्ठ्यांची जोडी टाकून देईल. पॉट छोटाच राहील. मोठ्या पॉटमधला जो भाग असा गळून पडतो, तो माझ्या कसबाचा कधी नव्हताच.